टर्बो नंतर, टायर आधी: वाचकांचे प्रश्न आणि गॅरेजमधली उत्तरं

मागच्या वेळी पिकअपच्या मायलेजवर लिहिलं होतं, त्यामुळं या महिन्यात पत्रं मायलेजवर येतील असं वाटलं होतं, आली सगळी उलटी. कुणाला मोठा टर्बो (इंजिनमध्ये जास्त हवा कोंबणारा पंखा) बसवायचाय, कुणाला ड्रॅगला, म्हणजे सरळ पट्टीवरच्या शर्यतीला उतरायचंय, कुणाला पोराची काळजी लागलीय. सगळीच घेता येणार नाहीत, पण एकच विषय वेगवेगळ्या तोंडून विचारलाय म्हणून एकत्र घेतोय.

दादा, माझी व्ही-क्रॉस आहे, २.५ लिटर, फोर बाय फोर, मॅन्युअल, प्रायव्हेट पासिंग, इंजिनला अजून हात लावलेला नाही. द्राक्षाचा सीझन संपला की मित्रांबरोबर धावपट्टीवरच्या ४०२ मीटरच्या ड्रॅगला नाव द्यायचा विचार आहे. अंबडचा एक मिस्त्री म्हणतो मोठा टर्बो टाकू, २०० हॉर्सपॉवर काढून देतो. आत्ताच पहिल्या गिअरला मागची चाकं जागेवर फिरतात. तर टर्बो कोणता घेऊ?
— एक वाचक, पिंपळगाव बसवंत

भाऊ, उत्तर तुमच्याच पत्रात आहे, शेवटून दुसऱ्या वाक्यात. चाकं जागेवर फिरतायत म्हणजे आहे तीच ताकद रस्त्याला लागत नाहीये, आणि तुम्ही अजून ताकद विकत घ्यायला निघालाय.

जरा गणित करू, कागद-पेन घ्या. तुमच्या इंजिनचा टॉर्क ३२० न्यूटन मीटर. पहिला गिअर आणि डिफरन्शियल मिळून १६ पट धरा, मधे गिअरबॉक्स आणि शाफ्टमध्ये जातं ते १३ टक्के वजा करा, टायरची त्रिज्या ३७ सेंटीमीटर. म्हणजे चाकाच्या टोकाला गाडी पुढं ढकलणारा जोर येतो साधारण १२०० किलोचा. आता पकड बघा. गाडी आणि तुम्ही मिळून १९५० किलो धरू. हौदा रिकामा असला की पिकअपचं वजन पुढंच बसलेलं असतं, मागच्या एक्सलवर जेमतेम ४० टक्के, म्हणजे ७८० किलो. गाडी झेप घेते तेव्हा पुढचं वजन थोडं मागं येतं हे खरं, पण ते तुमच्या गाडीत पावणेदोनशे किलोच्या आसपास. झाले साडेनऊशे. कोरड्या डांबरावर साध्या टायरची पकड वजनाच्या ८० टक्के धरली तर मागची दोन चाकं रस्त्याला जास्तीत जास्त साडेसातशे-पावणेआठशे किलोचा जोर देऊ शकतात. इंजिन देतंय बाराशे, रस्ता घेतोय साडेसातशे, मधले साडेचारशे किलो टायरचं रबर जाळण्यात चाललेत. हे सगळं स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ टर्बोवर बरं का.

आता फोर व्हीलचा नॉब फोर हायला टाका, म्हणजे ताकद चारही चाकांना. चारही चाकांवर मिळून १९५० किलो, त्याचे ८० टक्के म्हणजे साडेपंधराशेच्या वर. इंजिनचे बाराशे आरामात बसले, वर साडेतीनशे किलो शिल्लक. म्हणजे तुमच्याकडं फुकटात उपाय आहे आणि तो गिअर लिव्हरच्या शेजारीच आहे. एक सांभाळा, या गाड्यांची फोर व्हील पार्टटाइम असते, पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकमेकांना बांधल्यासारखे फिरतात, त्यामुळं कोरड्या डांबरावर वळताना ट्रान्सफर केसवर नुसता ताण चढत जातो. सरळ ४०२ मीटरला काही होत नाही, पण पट्टी संपली की वळायच्या आधी टू हाय, म्हणजे परत फक्त मागच्या दोन चाकांवर. हे विसरून वळवत राहिलेल्या गाड्या मी चेन ताणलेल्या बघितल्यात.

मग टायर. तुमच्या गाडीला फोटोत दिसतायत ते मड टायर काढा. चिखलासाठी बनवलेला टायर डांबरावर रबर कमी आणि खाचा जास्त टेकवतो. साधे हायवे टायर घ्या, शक्य असेल तर उंचीला थोडे लहान, कारण लहान टायर म्हणजे फुकटात छोटा गिअर. हवा चारही चाकांत २८-३० पर्यंत उतरवा, २५ च्या खाली जाऊ नका, रिकाम्या गाडीलाही साइडवॉल दुमडायला लागते. आणि रन झाला की हवा परत भरा, त्याच हवेवर घरी हायवेने यायचं नाही.

पुढची भानगड पाट्यांची, म्हणजे मागच्या लीफ स्प्रिंगची. चाकं पकडायला लागली की खरी गंमत सुरू होते. पिकअपचा मागचा एक्सल नुसत्या पाट्यांवर बांधलेला असतो, चाक पुढं जायला बघतं तेव्हा एक्सलचं भांडं उलट्या बाजूला पीळ खातं आणि पाटा बाजूनं बघितला तर इंग्रजी एस सारखा वाकतो. मग तो सुटतो, परत वाकतो, परत सुटतो, आणि मागून कुणी घण मारतंय असे दणके बसायला लागतात. यात प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस जातो, पाट्याचा सेंटर बोल्ट तुटतो, आणि तो तुटला की एक्सल जागेवरून सरकतो. उपाय म्हणजे ट्रॅक्शन बार, एक्सलपासून पुढं चासीपर्यंत जाणारा मजबूत दांडा, जो एक्सलला पीळ खाऊ देत नाही. नाशकात सातपूर-अंबडमध्ये चांगलं फॅब्रिकेशन करणारे ढिगानं आहेत, पण बारच्या पुढच्या टोकाला चांगला बुश आणि जरा हलायला जागा ठेवायला सांगा, नाहीतर सस्पेन्शनच जाम होतं. यू-बोल्ट प्रत्येक इव्हेंटच्या आधी टॉर्क रेंचनं बघायचे, पान्यानं अंदाजे नाही.

क्लच राहिला. फोर व्हीलमध्ये चाकं फिरत नाहीत, मग घसरायला गाडीत एकच जागा उरते, ती क्लच प्लेट. कंपनीची प्लेट स्टॉक टॉर्कच्या थोडी वरच धरते, ताकद वाढवली की चौथ्या गिअरला आरपीएम चढतं आणि स्पीड चढत नाही, वास येतो. म्हणून टर्बोच्या आधी क्लचचे पैसे बाजूला काढायचे.

एवढं सगळं झालं की मग टर्बो. आणि तेव्हाही मोठा नको. डिझेल इंजिन जेमतेम ४००० आरपीएमला संपतं. मोठा टर्बो घेतला की त्याचं चक्र जड, प्रेशर येणार अडीच-पावणेतीन हजारला, म्हणजे कामाचा पट्टा उरला बाराशे-पंधराशे आरपीएमचा, त्यात मॅन्युअल गिअर, दर गिअरला पाय उचलला की प्रेशर पडलं. कागदावर २०० हॉर्सपॉवर दिसतील पण पट्टीवर १७० वाला पुढं जाईल. स्टॉकच्या मापाचाच, कॉम्प्रेसर थोडा मोठा असलेला, व्हेरिएबल जॉमेट्रीचा, म्हणजे आतली पाती गरजेप्रमाणं वळणारा घ्या, इंटरकूलर (टर्बोतून आलेली तापलेली हवा गार करणारी जाळी) मोठा टाका, मॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग, समोर बसून करून घ्या.

फायदा किती हे बघायला एक जुना ठोकताळा आहे, वजन किलोत भागिले हॉर्सपॉवर, त्याचं घनमूळ, गुणिले ७.६. तुमची गाडी आज १३४ ला साडेअठरा सेकंदाच्या आसपास बसते. १७० केली तर १७.१. २०० केली तर १६.२, पण ही वेळ चाकं न फिरवता निघालेल्या गाडीची आहे. सुरुवातीच्या साठ फुटांत, म्हणजे पहिल्या १८.३ मीटरमध्ये, जे गेलं ते पुढं टर्बो भरून देत नाही.

भाऊ, मागं कांद्याच्या गोण्या टाकल्या तर पकड वाढेल ना? घरच्याच आहेत. — निफाड

वाढेल, पण शर्यत हराल. वरच्याच गाडीच्या हौद्यात एक्सलच्या डोक्यावर पन्नास किलोच्या तीन गोण्या टाका आणि टू व्हीलवर सोडा. पहिले १८ मीटर आधी ३.०९ सेकंदात जायचे ते २.९४ मध्ये जातील, म्हणजे दीड दशांश सेकंद कमावला. पण ते दीडशे किलो उरलेल्या पावणेचारशे मीटरलाही ओढायचेत, तिथं जवळपास अर्धा सेकंद जातो. आणि तांत्रिक तपासणीला हौद्यात सुट्ट्या गोण्या दिसल्या तर गाडी रांगेतूनच बाहेर काढतात, वजन टाकायचं तर ते बोल्टनं चासीला बांधलेलं लागतं. उलट स्टेपनी, टूल बॉक्स, मागचं सीट, हौद्याचं कव्हर काढून ठेवा, ते जास्त कामाला येईल. कांदा भाव बघून लासलगावला न्या.

तुमच्या निफाडचा खरा फायदा वेगळाच आहे, थंडी. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे १० अंशाला हवा मे महिन्यातल्या ४० अंशाच्या हवेपेक्षा दहा टक्के दाट असते. इव्हेंटला पहिल्या फेऱ्या सकाळी मिळत असतील तर झोप मोडून जा.

काका, शेतावर जुनी महिंद्रा आहे, प्यूजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन, विना टर्बो. भंगारात स्कॉर्पिओचा टर्बो स्वस्तात मिळतोय. बसवला तर किती पळेल? आणि इंटरकूलर लागतोच का, का नुसता शो असतो? — सिन्नर

बसतो. टिकतो का ते बघू.

टर्बो म्हणजे एकाच शाफ्टवर दोन पंखे. एक पंखा सायलेन्सरकडं जाणाऱ्या गरम वायूनं फिरतो, दुसरा त्यामुळं फिरतो आणि बाहेरची हवा दाबून इंजिनमध्ये कोंबतो. लाखाच्या वर आरपीएमला फिरणारी ही वस्तू नुसत्या तेलाच्या पातळ थरावर तरंगत असते. म्हणून भंगारातला टर्बो घेताना पहिलं काम, कॉम्प्रेसरच्या बाजूचा नट दोन बोटांत धरा. आडवा हलवला तर किंचित हलेल, ते चालतं, तेल आलं की तो भरतो. पण आत-बाहेर ओढला तर हललेला कळताच कामा नये. कळला तर तिथंच ठेवा, कितीही स्वस्त असू दे. मग पंख्याच्या पात्यांची टोकं बघा, भांड्याच्या आतल्या भिंतीला गोल ओरखडा दिसतोय का बघा, इनलेटमध्ये बोट फिरवून ओलं तेल लागतंय का बघा.

बसवताना लोक तेल आणायची नळी नीट करतात आणि तेल परत जायची नळी विसरतात. टर्बोतून तेल प्रेशरनं परत जात नाही, आपल्या वजनानं खाली पडतं, फेसाळलेलं असतं, म्हणून परतीची नळी अंगठ्याएवढी जाड, सरळ खाली उतरती, आणि चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यात, तेलाच्या पातळीच्या वर जोडलेली पाहिजे. कुठं वळसा घातला, कुठं खोलगट ठेवली की तेल टर्बोतच साचतं आणि सीलमधून सायलेन्सरला यायला लागतं. मग निळा धूर, आणि मिस्त्री म्हणणार टर्बो खराब निघाला. टर्बो नाही, नळी खराब होती.

आता तुमचं इंजिन. ते इनडायरेक्ट इंजेक्शनचं, म्हणजे डिझेल आधी छोट्या कप्प्यात जळतं, आणि अशा इंजिनांचं कॉम्प्रेशन वीसच्या वर असतं. त्यात अजून हवा कोंबली की हेड गॅस्केट आणि पिस्टनवर ताण थेट वाढतो. टर्बोसाठी बनवलेल्या बऱ्याच इंजिनांत पिस्टनच्या खालून तेलाचा फवारा मारायची सोय असते, विना टर्बोच्या जुन्या इंजिनांत सहसा नसते. म्हणून प्रेशर ०.४, फार तर ०.५ बारला थांबवा. स्कॉर्पिओच्या टर्बोची वेस्टगेट (प्रेशर जास्त झालं की गरम वायू बाजूनं सोडणारी झडप) त्याहून बरीच वर उघडते, तिचा अ‍ॅक्च्युएटर बदलायला लागेल, आणि व्हेरिएबल जॉमेट्रीचा टर्बो असेल तर त्याला सांभाळायला कंट्रोल लागतो, तो तुमच्या गाडीत नाही. साधा वेस्टगेटवालाच बघा. पंपाचं कॅलिब्रेशन बेंचवर करून घ्या, स्क्रू थोडा आत फिरवला आणि धूर बघून थांबलो असलं काही नको.

एक गेज मात्र डोळे झाकून घ्या, एक्झॉस्टचं तापमान दाखवणारं. त्याचा सेन्सर मॅनिफोल्डमध्ये टर्बोच्या आधी बसवायचा, नंतर नाही, कारण टर्बोतून गेलेला वायू बराच थंड झालेला असतो आणि आकडा खोटा दिलासा देतो. ७०० अंशाच्या आसपास काटा गेला की पाय उचलायचा. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं. पिस्टन मागून गार होत असतो म्हणून तो लगेच वितळत नाही, पण घाटात सलग दाबून ठेवलं तर वेळ फार लागत नाही.

इंटरकूलरचं विचारलंत. हवा दाबली की तापते, सायकलचा पंप मारताना नळी गरम लागते तेच. ३५ अंशाची हवा एक बार प्रेशरला दाबली तर टर्बोतून ती १३० अंशाच्या आसपास बाहेर पडते. चांगला इंटरकूलर तिला ६० पर्यंत आणतो, आणि त्याच प्रेशरला ती हवा वीस टक्के जास्त भरते. शो नाही तो. तुमच्या अर्धा बारला फरक कमी पडेल, पण गेजचा काटा खाली ठेवायला तेवढाच हातभार. आणि नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरवर आहे हेही धरा, मुंबईपेक्षा इथं हवेचा दाब सहा-सात टक्के कमी, विना टर्बोचं इंजिन तेवढं आधीच कमी दम घेतं. टर्बो ती तूट भरून काढतो, फक्त त्याला जास्त फिरावं लागतं.

किती पळेल? ड्रॅगसाठी विचारत असाल तर उगाच खर्च करू नका. चढाला, ट्रॉली ओढायला फरक कळेल, तेवढा पुरे आहे या गाडीला.

जास्त काळा धूर म्हणजे जास्त पॉवर, बरोबर ना? — जेल रोड

चूक. काळा धूर म्हणजे तुम्ही पैसे देऊन भरलेलं पण हवा कमी पडल्यामुळं न जळलेलं डिझेल. सुटताना टर्बो जागा व्हायच्या आधी क्षणभर येतो तो समजू शकतो, पण चौथ्या गिअरलाही मागं काळी शेपटी असेल तर डिझेल कमी करा, गाडी थंड चालेल आणि बहुतेक वेळा पळेलही तेवढीच. आणि बीएस सिक्स गाडीचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काढून धूर काढायचा सल्ला ज्यानं दिलाय त्याच्याकडं गाडी नेऊ नका.

आमची बोलेरो पिकअप आहे, पिवळी पाटी. रिमॅप केलं तर ड्रॅगला चालेल का? — दिंडोरी

मालवाहू पासिंगच्या गाडीला ८० चा स्पीड गव्हर्नर असतो. ८० ला गाडी स्वतःच हात टेकणार, उरलेली पट्टी तुम्ही मालगाडीसारखी पार करणार. गव्हर्नर काढला की पासिंगला अडकणार. धंद्याची गाडी धंद्याला राहू द्या.

साहेब, आमच्या ताफ्यात जुने दहाचाकी टाटा आहेत, कमिन्स इंजिनचे. अमेरिकेतल्या व्हिडिओत हेच कमिन्स इंजिन टाकलेली पिकअप दहा-अकरा सेकंदात ४०० मीटर जाते. आमचा ट्रक का नाही जाणार? — ट्रान्सपोर्टवाले, आडगाव

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इंजिनाचं घराणं खरंच एक आहे. तुमच्या ट्रकमधलं सिक्स बीटी, सहा सिलिंडर, ५.९ लिटर, आणि डॉज रॅम पिकअपला १९८९ पासून लागलेलं कमिन्स एकाच कुळातलं. आणि १९८९ च्या त्या रॅमला कंपनीनं दिली होती १६० हॉर्सपॉवर, म्हणजे तुमच्या ट्रकपेक्षा फार काही वेगळं नाही. लोखंडी ब्लॉक, जाड क्रँक, गिअरवर चालणारा कॅम, म्हणून तिथले लोक त्यावर जीव टाकतात. १९९४ मध्ये रॅमला बॉशचा पी-७१०० पंप आला, पूर्ण मेकॅनिकल, भरपूर डिझेल सोडणारा, आणि तिथून त्या इंजिनाचं नशीब फिरलं.

पण व्हिडिओत दिसतं ते हजार-हजार हॉर्सपॉवरच्या वरचं काम असतं. एक मोठा टर्बो दुसऱ्या लहान टर्बोत हवा भरतो, इंटरकूलरला बर्फाचं पाणी, हेडला जाड स्टड, आतले रॉड-पिस्टन बदललेले, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नवा बांधलेला. ऑटोमॅटिकचं कारणही समजून घ्या. डिझेलला न्यूट्रलमध्ये कितीही रेस मारा, लोड नसला की डिझेल कमी जळतं, गरम वायू कमी, टर्बो झोपलेलाच. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक दाबून अ‍ॅक्सिलरेटर दिला की टॉर्क कन्व्हर्टर इंजिनावर लोड टाकतो आणि गाडी जागेवर उभी असतानाच प्रेशर तयार होतं. दिवा हिरवा झाला की ब्रेक सोडायचा, बस. मॅन्युअलवाल्याला तेच क्लच जाळून करावं लागतं. शिवाय तिथल्या पट्टीवर रबर आणि चिकट द्रव्याचा थर असतो, चालताना बूट चिकटतो इतका. आपल्याकडं धावपट्टीवर धूळ असते.

तुमचा ट्रक रिकामा साडेआठ टनाचा धरला आणि १८० हॉर्सपॉवर, तर वरच्याच ठोकताळ्यानं साडेसत्तावीस सेकंद. त्यात ट्रकचे गिअर एवढे जवळजवळ की गिअर बदलण्यातच निम्मी पट्टी जाईल. तो ट्रक कसारा चढताना भरल्या मालानं जे करतो ते त्या पिकअपला जमायचं नाही, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

दादा, माझा मुलगा २१ वर्षांचा आहे. वडिलांच्या पिकअपला त्यानं पॉवर वाढवणारा काहीतरी बॉक्स लावलाय, आवाज बदललाय, आणि रात्री मित्रांबरोबर रिंग रोडला गाड्यांची शर्यत लावतात असं शेजारच्यांकडून कळलं. तो म्हणतो कायद्यात बसतं. बसतं का? — एक आई, सिडको

नाही ताई, बसत नाही, आणि तो जे सांगतोय ते त्यालाही माहितीय.

रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, परत सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. गाडीत कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे फेरफार करायला कलम ५२ मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते कडक शब्दांत सांगितलंय. बेकायदा फेरफाराचा दंड १८२-अ खाली गाडीच्या मालकाला, प्रत्येक फेरफारामागं ५००० रुपये, कैदेचीही तरतूद आहे. मालक म्हणजे इथं त्याचे वडील, हे त्याला जेवताना सांगा.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट विम्याची. गाडीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठी वापर चालत नाही असं छापलेलंच असतं. उद्या कुणाला लागलं तर विमा कंपनी त्यावर बोट ठेवणार, आणि समोरच्याची भरपाई तुमच्या घरावर येऊ शकते.

नुसतं रागावून तो ऐकणार नाही हेही कळतंय. पोराला वेड आहे तर त्याला जागा दाखवा. एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेच्या परवानगीनं होणारे ड्रॅगचे कार्यक्रम बंद धावपट्टीवर होतात, लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेले आहेत, तिथं हेल्मेट, गाडीची तपासणी, अँब्युलन्स, टायमिंगची यंत्रणा असं सगळं असतं. आपल्या नाशकातही रॅलीचं वेड जुनं आहे, राष्ट्रीय मालिकेतली रॅली ऑफ महाराष्ट्र इथं झालेली आहे, त्यातले लोक शहरात आहेत, एखाद्या टीमबरोबर मदतनीस म्हणून पाठवा. दोन दिवस जॅक लावून टायर बदलायला लागला की बराच माज उतरतो आणि जे शिकतो ते कामाचं असतं. तो बॉक्स मात्र आधी काढून घ्या.

रन झाला की गाडी लगेच बंद केली तर काय होतं? सगळे सांगतात पण कारण कुणी सांगत नाही. — पंचवटी

टर्बोची गरम बाजू तेव्हा सहा-सातशे अंशाची असते. इंजिन बंद, तेल थांबलं, शाफ्टभोवती उरलेलं तेल तिथंच जळून कडक कोळसा होतं. परत सुरू केलं की तोच कोळसा बेअरिंग घासतो. जुने ट्रक ड्रायव्हर ढाब्यावर आले की बिडी पेटवेपर्यंत इंजिन स्लोवर ठेवतात ते म्हणूनच. पट्टीवरून हळू परत आलात तर त्यातच निम्मं गार होतं, वर दीड-दोन मिनिटं पुरतात.

पिकअप मागून दोन इंच खाली घेतली, पाटे कमी केले, दिसते झकास. पण आता ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी मागून फिरायला बघते. ब्रेकचं काम दोनदा केलं. — इंदिरानगर

ब्रेकमध्ये काही नाही, गाडीखाली झोपा आणि मागच्या एक्सलजवळ बघा. चासीवर एक वॉल्व्ह आहे, त्यातून एक बारीक दांडी निघून एक्सलला जोडलेली दिसेल. त्याला एलएसपीव्ही म्हणतात. गाडी भरली की चासी खाली बसते, दांडी ढकलली जाते, वॉल्व्हला कळतं की मागं माल आहे, मग तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. गाडी रिकामी असली की उलटं. तुम्ही पाटे काढून गाडी कायमची खाली बसवली, त्यामुळं वॉल्व्हला वाटतंय हौद्यात टनभर माल आहे. रिकाम्या मागच्या चाकांना तो भरल्या गाडीचा ब्रेक देतोय.

दांडीची सेटिंग नव्या उंचीला जुळवून घ्यायला लागेल, आणि ते अंदाजानं नाही, प्रेशर गेज लावून, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये त्याचे आकडे असतात. काही महाभाग दांडी सोडून तारेनं बांधून टाकतात, ते करू नका. खरं सांगायचं तर पाटे परत टाका. ड्रॅगसाठी खाली घेतली असेल तर तोही हिशोब उलटाच आहे, पाटे कमी केले की उरलेले जास्त पीळ खातात आणि वर पिंपळगावच्या भाऊंना सांगितलेले दणके तुमच्याकडं आधी येतील. तोवर पावसात ही गाडी बाहेर काढू नका, ओल्या रस्त्यावर द्वारका सर्कलला मागची चाकं लॉक झाली तर सावरायला जागा नाही.